प्रभुभोजनाचा प्याला

चर्चमधल्या प्रभुभोजनाची घोटभर वाइन सोडली, तर नोहासरांनी जन्मात दारू चाखली नव्हती. तरी शुगर आणि वाढलेल्या वजनापायी त्यांना लिव्हरचा सिरॉसिस झाला. "आता तो घोटसुद्धा नको," राहुरीच्या डॉक्टरांनी बजावलं. म्हणून रविवारी प्याला समोर आला, तेव्हा सरांनी मान हलवून तो पुढं जाऊ दिला.

दुसऱ्या दिवशी बायको बाजारातून रडवेली होऊन आली. "अहो, आपल्या देवळालीभर बोभाटा झालाय. सिरॉसिस दारूनंच होतो म्हनत्यात. सर चोरून पितात, मनात पाप हाय, म्हनूनच प्याला घेतला न्हाई म्हनं. मी कुनाकुनाला सांगत बसू?"

&nbsp;

पुढच्या प्रभुभोजनाला, आपण पीत नाही हे दाखवायला, नोहासर प्यायले.