लवंडरचं पाणी

सरजाबाई सकाळी गेली, आणि तिला शेवटची आंघोळ घालायला घरात तांब्याभर पाणी नव्हतं.

टँकर परवापासून आला नव्हता. गल्लीतला हापसा नुसताच खाकरत होता. महिनाभर तापानं अंथरुणाला खिळलेली म्हातारी. अंग घामानं, औषधानं चिकट झालेलं. तशीच कशी न्यायची? बायका म्हणाल्या, ओल्या फडक्यानं पुसून घेऊ. तिचा लेक निवृत्ती औशाच्या शाळेत मास्तर. तो म्हणाला, "न्हाई. जन्मभर दुसऱ्याच्या बाटल्या धुतल्या माझ्या मायनं. ती अशी न्हाई जाणार." त्यानं रिकामी घागर उचलली आणि थेट गोलाईच्या बाजारातल्या गुरुलिंगअप्पांच्या सेंटाच्या दुकानी आला. सरजाबाई तिथंच बाटल्या धुवायची.

हे दुकान म्हणजे लातुरातली नवलाई. अत्तराचा फाया तिथं मागून मिळायचा नाही. अप्पा तरुणपणी सिकंदराबादला एका गोऱ्या साहेबाच्या हाताखाली विलायती सेंट करायला शिकलेले. लवंडर म्हणा, कलोन म्हणा. कपाळावर विभूतीचे पट्टे आणि तोंडात साहेबाची शिकवण: सेंटानं ओरडू नये, हळू बोलावं. लोक हसायचे. पण आता लातूर जिल्हा झालं होतं ना! त्याच्या सोहळ्यात पाहुण्यांवर गुलाबपाणी नको, काहीतरी इंग्रजी शिंपडा, असा पुढाऱ्यांनी हट्ट धरला. प्यायला पाणी नाही, आणि ह्यांना लवंडर पाहिजे. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय! त्यासाठी अप्पांनी पाणी उकळून, त्याची वाफ धरून, थंड करून साठवलं होतं. मागच्या खोलीत वेताच्या टोपलीत बसवलेली काचेची भली मोठी बरणी त्या पाण्यानं गळ्यापर्यंत भरली होती.

निवृत्ती पायरीवर उभा राहिला. "अप्पा, माय गेली."

गुरुलिंगअप्पा मटकन खाली बसले. "सरजा गेली?" त्यांचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोला, खरंच भरून आले. धुतलेली बाटली उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघणारी तशी बाई त्यांना दुसरी मिळाली नव्हती. ते उठले. कपाटातली सगळ्यात चांगली बाटली काढून त्यांनी निवृत्तीपुढं धरली.

"घे. अंगावर शिंपड तिच्या. मग वास येणार न्हाई."

निवृत्तीनं बाटली घेतली नाही. "अप्पा, मायला वास यायलाय म्हणून न्हाई आलो. आंघोळ घालायचीय. पाणी द्या."

अप्पांनी मागच्या खोलीकडं पाहिलं. सोहळा तोंडावर आलेला. एक घागर गेली तर लवंडर पुरणार कसं? असला विचार या वेळेला मनात आलाच कसा, याची त्यांना लाज वाटली. "ये, मागं ये," ते म्हणाले.

पण बरणी अप्पांना एकट्यानं कलंडवेना. वय झालेलं. त्यांची झटापट बघून निवृत्तीनं घागर बरणीच्या तोंडाखाली सारली आणि बरणीच्या काठाला हात घातला.

"हां हां! हात नको लावू!"

निवृत्तीचा हात होता तिथंच थांबला.

"तसं न्हाई रे," अप्पा गडबडले. "सेंटाचं पाणी हाय. हाताचं तेल लागलं की सेंट गढूळ होतंय."

"आता सेंटाचं कुठं राहिलं, अप्पा? मायच्या आंघोळीचं हाय."

दोघांनी मिळून बरणी कलंडवली. घागर भरली. निवृत्तीनं ती खांद्यावर घेतली आणि दाराशी जाऊन वळला.

"माय म्हणायची, गुरुलिंगअप्पा देवमाणूस हाय. फक्त त्या बरणीजवळ गेलं की त्यांना आपली जात आठवते."

"जात?" सगळ्यांना हळू बोला म्हणणारे अप्पा ओरडलेच. "अरे, जातीचं काय त्यात! माझ्या बायकोला, नीलम्माला सुदिक हात लावू देत न्हाई मी बरणीला. विचार तिला!" बोलता बोलता त्यांची नजर खिडकीत पालथ्या घातलेल्या कपावर गेली. सरजाबाईच्या चहाचा कप. तो कायम वेगळा असायचा. अप्पांचा आवाज खाली आला. "बरणीचं तरी तसं नव्हतं रे."

"काकूला कारण सांगितलं व्हतं तुमी," निवृत्ती म्हणाला. "मायला कोण सांगितलं?"

इतक्या वर्षांत ती बाई रोज त्या बरणीला वळसा घालून गेली, आणि आपल्याला ते एकदाही खटकलं नाही, हे अप्पांना सहन होईना. निवृत्ती पायरी उतरला.

"थांब," अप्पा म्हणाले. "मी येतो. सरजाला सांगतो."

अप्पांना चपला सापडेपर्यंत भरली घागर खांद्यावर घेऊन निवृत्ती उन्हात उभा राहिला.