गिअरचं ऑइल

फोर-व्हील पिकअपखाली गोणपाट अंथरून रेवती उताणी पडली होती. गिअरबॉक्सचं ऑइल बदलून झालं होतं; आता मागच्या एक्सलमधलं काळं ऑइल डब्यात उतरत होतं. आबांना अर्धांगवायू झाल्यापासून सात वर्षं, घाटातल्या वाड्यांचं दूध तीच या गाडीतून डेअरीला पोचवत होती.

"नीट कर गं," ओट्यावरून आबा म्हणाले. "गाडी दादाच्या नावावर केलीये. उद्या तो पुण्याला नेतोय."

तिचा हात थांबला. "आणि दूध?"

"तू लग्न होऊन गेलीस, की कोण नेणार होतं?"

एक्सलचा खालचा प्लग नुसता हाताने फिरवून सोडला असता, तर ऑइल गळून गाडी घाटातच बसली असती. तिने तो पान्याने घट्ट आवळला आणि नवं ऑइल भरलं.

दुसऱ्या दिवशी दादा आला. गाडीतून एक चक्कर मारून खूश होऊन उतरला.

"आबा, गिअर लोण्यासारखे पडतायत. ऑइल कोणी बदललं? मेकॅनिक हुशार दिसतोय."

रेवती चहा घेऊन दारातच उभी होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं.

"आहे गावातला एक," ते म्हणाले.