कायमचा पत्ता

तिसऱ्या पोलीस ठाण्यातही राधाचं नाव निघालं नाही, तेव्हा विठाबाई बाकावर टेकल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"मावशी, धीर सोडायचा नाही," श्रीरंग म्हणाला. "दिल्लीत माणूस हरवतं, कागद हरवत नाही."

हे वाक्य त्याचं त्यालाच फार आवडलं. केंद्र सरकारच्या एका खात्यात बावीस वर्षं कागद पुढे सरकवल्यावर माणसाला असा विश्वास येतो. विठाबाई त्याच्या कुणी नव्हत्या. त्याच्या बायकोचा मावसभाऊ त्यांच्या गावात मास्तर होता, त्याची चिठ्ठी घेऊन त्या श्रीरंगच्या मयूर विहारच्या फ्लॅटवर उतरल्या. परमुलखात एवढी ओळख पुष्कळ झाली.

गोष्ट सरळ होती. विठाबाईंची राधा यूपीएससीच्या अभ्यासासाठी करोल बागेत खोली घेऊन राहिली आणि दोन वर्षांपूर्वी एक दिवस खोली सोडून नाहीशी झाली. पत्र नाही, फोन नाही. गेल्या आठवड्यात गावातल्या एकाला ती टीव्हीवर दिसली. दिल्लीतला कसलासा मोर्चा, पोलीस बायकांना गाडीत कोंबताहेत आणि त्यांत राधा. मोर्चा कसला, कुठला, काही कळायच्या आत बातमी संपली.

"अटक झाली म्हणजे नोंद झालीच," श्रीरंग म्हणाला आणि त्यानं तीन दिवसांची रजा टाकली.

त्याच्या बायकोनं, प्रभानं, राधाच्या ओटीसाठी खणसुद्धा काढून ठेवला. "मावशी, सापडली की रागावू नका हं तिला."

"आता कसला राग, बाई? दोन वर्सं झाली, गावात मान वर करून चालले न्हाई. एकदा सापडली की सुटले मी."

चौथं ठाणं दिल्लीतल्याच द्वारका भागात होतं. तिथल्या हवालदारानं वर न बघताच सांगितलं, "रजिस्टर पब्लिक के लिए नहीं है."

"तो लिखकर दीजिए," श्रीरंग म्हणाला. "आरटीआय डालता हूँ. मिनिस्ट्री में हूँ, दस मिनट का काम है."

माहितीचा अधिकार तेव्हा नवाकोरा होता आणि नुसत्या नावाला माणसं दचकत. हवालदारानं श्रीरंगचं ओळखपत्र पाहिलं, मग विठाबाईंचे सुजलेले डोळे पाहिले. "अरे साब, नाराज़ क्यों होते हो? माताजी, बैठिए." रजिस्टर टेबलावर आलं.

त्या आठवड्यात द्वारकेत एकच मोर्चा झाला होता. बिल्डर टाकीला पाणी देईना म्हणून सोसायटीतल्या लोकांनी त्याच्या ऑफिससमोर रस्ता अडवला. सदतीस जणांना धरलं, संध्याकाळी जामिनावर सोडलं. श्रीरंगनं सगळी नावं बोट फिरवत वाचली. राधा एकही नव्हती. तो रजिस्टर मिटणार, तेवढ्यात त्याची नजर शेवटच्या रकान्यावर गेली. स्थायी पता, म्हणजे कायमचा पत्ता. बाकीच्यांचे मेरठ, रोहतक, पटना. एकाच बाईपुढे लिहिलं होतं, चिंचसावळी, महाराष्ट्र.

ते विठाबाईंचं गाव.

नाव मात्र होतं रेवती, पती आशय. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपली रीत श्रीरंगला आठवली आणि सगळा उलगडा झाला. पोरीनं नाव बदललं, आडनाव बदललं, राहायची जागा बदलली. पण हवालदारानं गाव विचारल्यावर तिला खोटं बोलवेना. मराठी माणूस सगळं लपवील, गाव लपवणार नाही. श्रीरंगला अगदी भरून आलं.

आता हे सांगायचं कसं? तो चाचरतच म्हणाला, "मावशी, राधा सुखरूप आहे. पण तिनं... लग्न केलंय. आशय म्हणून कुणी आहे."

विठाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. "ठाऊक हाय मला तो. तिच्या कॉलेजातला. आमच्या जातीचा न्हाई." मग हळूच विचारलं, "दोघं एकत्रच राहत्यात न्हवं?"

"हो. फ्लॅटच्या नंबरासकट पत्ता आहे."

"देव पावला," विठाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले. श्रीरंगला हायसं वाटलं. आईचं काळीज ते, जातपात कुठवर धरून बसणार?

"रिक्षानं दहा मिनिटं लागतील. चला, आत्ताच जाऊ."

"आत्ता नको, दादा. लेकीच्या दारात पहिल्यांदा जायचं, तर संगं भाऊ पायजे, चुलते पायजेत."

"बरं, मग निदान निरोप तरी देतो मी."

"अजिबात नको! आमी येतोय म्हटल्यावर लाजंनं घर सोडून जाईल पोर. परत कुठं हुडकू?"

श्रीरंगला ते पटलं. त्यानं मोठ्या अक्षरांत पत्ता लिहून दिला. विठाबाईंनी तो त्याच्याकडून दोनदा वाचून घेतला आणि कमरेच्या पिशवीत ठेवला.

"घरी कळवा आता. हा घ्या माझा मोबाइल."

"तुमच्या फोनवरनं कशाला? तो बूथ हाय की."

बूथवाल्यानं नंबर लावून दिला. विठाबाईंनी आत जाऊन काचेचं दार ओढून घेतलं. श्रीरंग बाहेर उभा राहिला. त्या बोलताना पदरानं डोळे पुसत होत्या, ते काचेतून दिसत होतं. रजा सार्थकी लागली, असं त्याला वाटलं. आज प्रभाला काहीतरी गोड करायला सांगायचं त्यानं ठरवलं.

"ज्ञानोबा, सापडली रे," आत विठाबाई मुलाला सांगत होत्या. "दोघं एकाच घरात हायत. चुलत्यांना घे आन जीपनंच या, रेल्वेत कोयते धरतील. आन हे बघ, आधी तिचं उरक. त्याला आधी मारलंस तर पोर रडंल, आन तिचं रडणं मला कधीच बघवलं न्हाई."