वळणावरचे दगड

लासलगावहून कांदा भरून निघालेला झुंबरचा ट्रक विंचूरच्या वळणावरच बंद पडला. मागून कुणी धडकू नये म्हणून त्यानं ट्रकच्या पाठीमागे पाच मोठे दगड मांडले, बायकोला, चैतालीला, फोनवर तसं सांगितलं आणि डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा काढत बसला. दिवेलागणीला इंजिन एकदाचं धडधडलं. त्यानं स्टेअरिंगला हात जोडले आणि गाडी दामटली.

निफाड ओलांडलं, तसा चैतालीचा पुन्हा फोन आला.

"निघालात का हो? आणि ते दगड उचलले ना रस्त्यातले?"

"हो गं बाई, उचलले. तुलाच क्लीनर म्हणून घेतलं पाहिजे गाडीवर," तो हसत म्हणाला.

फोन ठेवला आणि त्यानं करकचून ब्रेक दाबला. भरलेला ट्रक वळवायला जागा सापडेपर्यंत आणखी वेळ गेला.

वळणावर रस्ताभर दूध सांडलं होतं. पाचही दगड अजून रस्त्यातच होते. मागून कुणी धडकू नये म्हणून कुणीतरी ते आडव्या पडलेल्या मोटारसायकलीभोवती नीट मांडून ठेवले होते.