खसखशीची करंजी

केतकीनं औषधांच्या कपाटाची मूठ धरली आणि मूठ लाल झाली.

ती मूठ तळहाताचा घाम चाखून मगच कपाट उघडायची. घामात अफूचा लवलेश सापडला, की नर्सचा परवाना जागच्या जागी बंद. मग कुठल्याच रुग्णालयाचं दार तिला उघडत नसे. खसखसही अफूच्याच बोंडातली, म्हणून नर्सच्या घरी दिवाळीच्या करंजीतसुद्धा ती घालत नसत.

वॉर्डातल्याच दुसऱ्या नर्सनं, शर्वरीनं मात्र यंदा केतकीसाठी एक करंजी वेगळी भरली होती, खसखस सढळ हातानं वाटून. केतकीला इनचार्ज केलं होतं ना! पेशंटही सुई टोचून घ्यायला तिचाच हात मागायचे. ते बघून शर्वरीच्या पोटात दुखायचं.

मेट्रन धावत आल्या. "केतकी, काय खाल्लंस? कुणी दिलं असेल तर नाव सांग. तू सुटशील, परवाना तिचा जाईल."

शर्वरी मान खाली घालून इंजेक्शनचा ट्रे पुसू लागली.

"घरचंच खाल्लं, मॅडम," केतकी म्हणाली.

निघताना तिनं शर्वरीला बाजूला घेतलं. "अगं, तुझ्या सासूबाईंनी जुन्या सवयीनं करंजीत घातली असेल खसखस. मी बोलणार नाही कुणाला. तुझी पोरं लहान आहेत."

संध्याकाळी इनचार्जचा बिल्ला शर्वरीला मिळाला. वॉर्डात मात्र सगळ्यांचे डोळे केतकीसाठी ओले होते. बिल्ला लावता लावता शर्वरीच्या पोटात पुन्हा तसंच दुखू लागलं. चांगुलपणासुद्धा मेली सगळा स्वतःच घेऊन गेली!