अबोला

त्याने दुसरं लग्न केल्यापासून लेक त्याच्याशी बोलत नव्हती. सदानकदा एका कादंबरीत डोकं खुपसून बसायची. त्यातली मुलगीही बापाशी अबोला धरते, हे कळल्यावर तो तणतणत शाळेच्या ग्रंथालयात आला. “असलं काहीबाही पोरींना वाचायला देता?” “या वयासाठी मीच सुचवते,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “लिहिणारी स्वतः सावत्र आई आहे. आधी वाचून तर बघा.” चुका काढायच्या म्हणून त्याने बाईंनी पुढे केलेली दुसरी प्रत उघडली आणि बुटक्या बाकावर गुडघे दुमडून तो वाचतच राहिला. कादंबरीतला बाप मुलीला भ्यायचा, त्याच्यासारखाच. शिपाई खिडक्या लावू लागला, तरी शेवट राहिलाच होता. “बाई, ती बोलते का हो बापाशी?” “लेकीला विचारा.” घरी येऊन त्याने लेकीच्या खोलीच्या दारातून तेच विचारलं. तिने पुस्तकातून डोकं वर काढलं. “मी नाही सांगणार. तूच वाच, बाबा.”