घुसखोराचं काम

वेंडेल कोवाच स्वतःच्याच घराच्या मागच्या दाराबाहेर, तोंडावर गोणपाटाचा मुखवटा चढवून, दार फोडायच्या इशाऱ्याची वाट बघत उभा होता. भर दुपार होती. आत मात्र खिडक्यांना काळं प्लास्टिक ठोकून रात्र केली होती.

सिनेमा भयपट होता. एकमेकांच्या राजकारणाचा तिटकारा असलेली दोन कुटुंबं एका घरात अडकतात आणि मुखवटे घातलेली माणसं घरात शिरतात, अशी गोष्ट. दिग्दर्शिका प्रिसिलाला नावाजलेले नट परवडण्यासारखे नव्हते, म्हणून गावातलीच माणसं घेतलेली, आणि घर वेंडेलचं. रिपब्लिकन बापाचं काम आधी वेंडेललाच वाचायला दिलं होतं. त्यातली मतं त्याचीच होती, आयुष्यभर जेवणाच्या टेबलावर मांडलेली. पण तो वाचायला लागला की सरकारी नोटीस वाचल्यासारखं वाटायचं. शेवटी ते काम शेजारच्या हॉलिसकडे गेलं. दर निवडणुकीत वेंडेलच्या अंगणात जी पाटी लागे, तिच्या नेमकी उलट पाटी हॉलिसच्या अंगणात असे. त्याच हॉलिसनं वेंडेलच्या मनातली वाक्यं अशी म्हणून दाखवली, की प्रिसिलाच्या अंगावर काटा आला.

वेंडेलची समजूत काढायला ती म्हणाली होती, "तुम्ही भरभक्कम आहात. घुसखोर शोभाल. आणि त्याला बोलायचंही नाहीये."

आता हॉलिस वेंडेलच्या दिवाणखान्यात, वेंडेलचंच शिकारीचं जाकीट घालून उभा होता. आणि सिनेमातली त्याची मुलगी झाली होती वेंडेलची खरी मुलगी, ऑड्रा.

तेही त्यानं गिळलं असतं. पण ऑड्राची किंकाळी काही केल्या जमेना. झुरळ बघितल्यासारखी ओरडायची आणि मग स्वतःच हसायची. तेव्हा प्रिसिलानं तिला सांगितलं, खरोखर घाबरली होतीस असा एखादा प्रसंग आठव आणि तो हॉलिसच्या कानात सांग. वेंडेल दाराच्या काचेवरच्या प्लास्टिकच्या फटीतून बघत होता. ऑड्रा बराच वेळ कुजबुजत होती. हॉलिस हसला नाही. त्यानं मान हलवली आणि क्षणभर तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आपली पोर कधीतरी इतकी घाबरली होती आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही. हॉलिसला मात्र आता ते ठाऊक होतं.

"चला," प्रिसिलानं आवाज दिला.

वेंडेलनं खांद्यानं दार उडवलं. सोफ्यापाशी खडूची खूण केलेली होती, तिथवर येऊन हात उगारायचा आणि थांबायचं, एवढंच त्याचं काम. ऑड्रानं "डॅड" असं ओरडत हॉलिसकडे धावायचं होतं. ती धावली. त्या जाकिटात तिनं तोंड लपवलं आणि हॉलिसनं तिच्याभोवती हात टाकले, इतके सहज, जणू रोजचंच आहे.

वेंडेल खूण ओलांडून पुढे गेला. कॅमेरा चालूच होता, कुणी अडवलं नाही. त्यानं ऑड्राचं मनगट धरलं आणि ओढलं. ती चिकटून राहिली, तसं त्यानं आणखी जोर लावला. टेबलावरचा दिवा आडवा झाला. गोणपाटातून त्याच्या श्वासाचा घुसमटलेला आवाज तेवढा येत होता.

आणि ऑड्राचा आवाज फाटला. "पा! पा!"

डॅड नाही. पा. बोबडं बोलायची तेव्हापासूनचं ते घरातलं नाव होतं, फक्त त्याचं. वेंडेलची पकड सैल झाली. पण तिचं तोंड हॉलिसकडे होतं.

तेवढ्यात हॉलिसनं दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर असा धक्का दिला, की तो भिंतीवर जाऊन आदळला.

"कट," प्रिसिला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. असं मला लिहिता आलं नसतं, असं ती प्रत्येकाला सांगत सुटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लागलं का, असं विचारत हॉलिसनं हात पुढे केला. वेंडेल आपला आपण उठला.

नंतर ऑड्रा मागच्या पायरीवर मनगटाला बर्फ लावून बसली होती. वेंडेल शेजारी जाऊन बसला. चुकलं माझं, असं काहीसं तो पुटपुटला. त्यावर ती म्हणाली की असू दे, सिनेमाला चांगलंच झालं. हॉलिसच्या कानात काय सांगितलंस, हे त्याला विचारायचं होतं. त्यानं विचारलं भलतंच.

"तू पा म्हणालीस मघाशी. डॅड नाही."

"हो."

"कुणाला?"

ऑड्रानं थोडा विचार केला. "मुखवट्याच्या आत तू आहेस हे विसरलेच रे मी. कुणीतरी घरात शिरलंय आणि मला ओढतंय, एवढंच कळत होतं. तुलाच हाक मारली, पा."

वेंडेलच्या छातीवरचं ओझं उतरलं. हे हॉलिसनंही ऐकायला हवं होतं, असं त्याला वाटलं. तिच्या तोंडून आणखी थोडं ऐकावं म्हणून त्यानं विचारलं, "मग?"

ऑड्रानं बर्फाची पिशवी उलटी करून परत मनगटावर ठेवली.

"मग हॉलिसकाका आले."